पुंगळी काढली की गाडी जोरात पळते?



या आठवड्याचं पत्र आलंय सातारा जिल्ह्यातल्या आठवीतल्या एका मित्राकडून. 'नाव छापू नका' असं त्यानं खाली दोनदा रेघ मारून लिहिलंय, म्हणून छापत नाही. तो लिहितो :

'मामा, आमच्या शेजारच्या दादानं मोटारसायकलच्या सायलेन्सरची पुंगळी काढलीय. रात्री अकराला तो गल्लीत शिरला की आमची आजी झोपेतून दचकून उठते. तिला बीपी आहे. मी दादाला सांगितलं तर तो म्हणतो, तुला काय कळतंय? पुंगळी काढली की इंजिन मोकळा श्वास घेतं, ताकद वाढते. रेसच्या गाड्यांना कुठं सायलेन्सर असतो? मामा, हे खरं आहे का? आणि खरं असेल तर मग मी त्याला काय सांगू?'

बघा, पत्रातलं शेवटचं वाक्य मला फार आवडलं. दादाचं म्हणणं खरं निघालं तर आपली पंचाईत होईल, हे या पठ्ठ्याला आधीच कळलंय! आणि पंचाईत आहेच थोडी. कारण दादाच्या बोलण्यात काही भाग खरा आहे. साफ खोटी गोष्ट खोडायला सोपी, अर्धी खरी गोष्ट खोडायला महाकठीण.

म्हणून आधी माझीच एक गोष्ट सांगतो.

मी कॉलेजात होतो तेव्हा कोल्हापूरला माझ्या मावसभावाकडे राहायचो. त्याला मोटारींच्या रॅलींचं वेड. घरी एक जुनी मोटार होती. तिच्या इंजिनाचा बिडाचा मॅनिफोल्ड काढून टाकून त्यानं उद्यमनगरातल्या एका कारागिराकडून हेडर बनवून आणला. हेडर म्हणजे काय ते पुढं सांगतो. तूर्त एवढंच समजा, की इंजिनातून निघालेल्या चार वाकड्या नळ्या आणि खाली जाऊन त्यांचं एक तोंड. पुढचा पाइप आणि सायलेन्सर जोडायचा राहिला होता, त्यासाठी वेल्डिंग हवं होतं. वेल्डर चार-साडेचार किलोमीटरवर. भाऊ म्हणाला, 'तसंच नेऊ या की! सकाळी सहाला कोण असतंय रस्त्यावर?'

स्टार्टर मारला आणि काय सांगू! आमच्या गल्लीतले सगळे कावळे एकदम उडाले. तो नुसता आवाज नव्हता. पायाखालचा पत्रा, सीट, छातीचा पिंजरा, सगळं थरथरत होतं. खोटं कशाला बोलू, मला त्या क्षणी फार भारी वाटलं. पोटात फुलपाखरं नव्हे, अख्खं ढोलपथक! भाऊ माझ्या कानाशी तोंड आणून ओरडला, 'बघ भावा, कसली पळतीया!' मी वाकून स्पीडोमीटर पाहिला. काटा पंचेचाळीसवर होता. पंचेचाळीस! रोज दूध आणायला आम्ही त्याच वेगानं जायचो. पण कानांनी मेंदूला सांगितलं होतं नव्वद, आणि मेंदूनं ते मुकाट्यानं मानलं होतं.

पाय ॲक्सिलरेटरवरून उचलला की नळ्यांतून फाट्-फाट् असे बार निघायचे. कुणी सायकलची घंटी वाजवली असेल, कुणी हाक मारली असेल, आम्हाला पत्ता नाही. एका वळणावर मी सहज मागं पाहिलं, तर मागं दिव्यांचा उघडझाप करत एक ॲम्ब्युलन्स! किती वेळ मागं होती कोण जाणे. सायरन चालू होता, पण आमच्या कानांपर्यंत पोचलाच नव्हता. भावानं घाईघाईनं गाडी बाजूला घेतली. पुढं जाताना ॲम्ब्युलन्सचा ड्रायव्हर खिडकीतून आमच्याकडे बघून काहीतरी बोलला. तेही ऐकू आलं नाही. काय बोलला असेल याचा अंदाज मात्र आला.

वेल्डरकडे पोचलो तेव्हा माझं डोकं दुखत होतं, कानात बारीक कूंऽऽ आवाज येत होता. तो रात्री झोपेपर्यंत गेला नाही.

आता विज्ञानाकडे वळू. एक फुगा फुगवा. तोंडावरची पकड थोडी सैल करून हवा हळूहळू सोडा. फुस्स! आता दुसरा तेवढाच फुगा फुगवा आणि त्याला टाचणी लावा. फट्ट! हवा तेवढीच, दाब तेवढाच. फरक कशात? ती किती झटक्यात बाहेर पडली यात.

इंजिनात हाच दुसरा फुगा फुटत असतो. सिलिंडरमध्ये पेट्रोल आणि हवा यांचं मिश्रण जळतं, पिस्टन खाली ढकलला जातो. मग धूर बाहेर सोडणारी झडप, म्हणजे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, उघडते. त्या वेळीही आतल्या धुराचा दाब बाहेरच्या हवेपेक्षा कितीतरी पट जास्त असतो. झडप उघडली रे उघडली की धूर बंदुकीच्या गोळीसारखा सुटतो. तोच आवाज.

आणि असे फुगे किती फुटतात? करा गणित. चार सिलिंडरचं फोर-स्ट्रोक इंजिन मिनिटाला ३००० फेरे मारतंय. दर दोन फेऱ्यांत प्रत्येक सिलिंडर एकदा धूर सोडतो. म्हणजे मिनिटाला ६०००, सेकंदाला १०० फुगे! अमेरिकेतल्या दणकट गाड्यांना आठ सिलिंडर असतात. ते इंजिन मिनिटाला ६००० फेरे मारत असेल, तर सेकंदाला ४००. सायलेन्सर काय करतो, तर या फुग्यांना टाचणी लागू देत नाही. त्याच्या पोटात कप्पे असतात, भोकं पाडलेल्या नळ्या असतात, कधी काचेच्या तंतूंचा कापूस असतो. धुराचा धक्का कप्प्याकप्प्यांत पसरतो, आवाजाच्या लाटा एकमेकींवर आपटून मरतात. इंडियाना राज्यातल्या रीव्ह्ज बंधूंनी १८९७ मध्येच अशा सायलेन्सरचं पेटंट घेतलं होतं. म्हणजे मोटार रांगत होती तेव्हाच लोक तिच्या आवाजाला वैतागले होते.

मग दादाचं खरं कुठं आहे? इथं आहे. धूर बाहेर ढकलायला इंजिनाला जोर लावावा लागतो. वाट जेवढी अरुंद आणि वेडीवाकडी, तेवढा जोर जास्त. कंपनीकडून येणाऱ्या बिडाच्या मॅनिफोल्डमध्ये सगळ्या सिलिंडरांचा धूर एका आखूड बोळात कोंबला जातो. शाळा सुटल्यावर चार वर्ग एकाच जिन्यावर आले की कशी चेंगराचेंगरी होते? तशी. हेडरमध्ये प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र नळी. चार वर्गांना चार जिने. आणि चारही जिने सारख्या लांबीचे, म्हणजे खाली पोचताना मुलं एकमेकांच्या अंगावर न पडता एकामागून एक येतील.

पण हेडरची खरी गंमत पुढंच आहे, आणि दादाला कुणी ती सांगितलेली दिसत नाही.

धुराचा धक्का नळीतून धावत सुटतो. साध्या हवेत आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, तापलेल्या धुरात ५०० मीटरच्याही पुढं. हा धक्का नळीच्या उघड्या तोंडाशी पोचला की तिथून एक उलटी लाट परत इंजिनाकडे येते. ही लाट ढकलणारी नसते, ओढणारी असते! ती नेमक्या वेळी, झडप मिटायच्या आत परत पोचली, तर सिलिंडरमध्ये उरलेला धूरही ओढून काढते. वर ताजी हवा आत यायला मदत करते ती वेगळीच. फुकटची ताकद! मात्र 'नेमक्या वेळी' हे शब्द विसरू नका. झोपाळ्याला धक्का वेळेवर दिला तर झोका चढतो, चुकीच्या वेळी दिला तर उतरतो. लाट केव्हा परत येणार हे नळीच्या लांबीवर अवलंबून. आणि ती केव्हा यायला हवी हे इंजिन किती फेरे मारतंय यावर. म्हणून रेसचे इंजिनिअर नळीची लांबी मोजूनमापून ठरवतात. ती एका ठरावीक वेगाच्या पट्ट्यात उत्तम चालते, बाहेर नाही. वरच्या वेगाला मिळवायचं आणि खालच्या वेगाला गमवायचं, असा तो सौदा असतो.

आता सांगा, स्क्रू ड्रायव्हर घेऊन पुंगळी उपटून काढणाऱ्यानं यातलं काय मोजलेलं असतं? त्यानं कंपनीनं बसवलेला हिशेब मोडलेला असतो, दुसरा मांडलेला नसतो. कार्बोरेटरच्या गाडीत हवेचं प्रमाण वाढून पेट्रोल कमी पडू शकतं, मग इंजिन जास्त तापतं. आमच्या गाडीचे ते फाट्-फाट् बार आठवतात? गरम नळीत बाहेरची हवा शिरायची आणि न जळलेलं पेट्रोल तिथं पेटायचं. म्हणजे जे पेट्रोल इंजिनात जळून चाक फिरवायला हवं होतं, ते नळीत वाया जात होतं. आम्ही मात्र टाळ्या वाजवत होतो! शिवाय गल्लीत, बाजारात गाडी चालते ती खालच्या वेगाला, जिथं हा सौदा तोट्याचाच.

'पण मामा, रेसच्या गाड्यांना सायलेन्सर नसतो ना?' काहींना नसतो, बरोबर. अमेरिकेतल्या ड्रॅग रेसचं बघा. सरळ पट्टी, पाव मैल, म्हणजे ४०२ मीटर. दिवा हिरवा झाला की ॲक्सिलरेटर तळाला टेकवायचा, तो पट्टी संपेपर्यंत उचलायचाच नाही. खालचा वेग नाही, वळण नाही, सिग्नल नाही. तिथं उघडा हेडर शोभतो. त्यातल्या सगळ्यांत ताकदवान गाड्यांच्या नळ्या तर वर आणि मागे वळवलेल्या असतात. धूर इतक्या जोरात वर सुटतो, की गाडी शेकडो किलोंच्या भारानं खाली जमिनीवर दाबली जाते. न्यूटनच्या तिसऱ्या नियमाला नववीत भेटाल तेव्हा हे आठवा. पण त्या गाड्यांचा आवाज १५० डेसिबलच्या घरात जातो. ड्रायव्हरच काय, जवळ उभे राहणारे मेकॅनिकही कान झाकून घेतल्याशिवाय तिथं थांबत नाहीत.

याहून जुनी आणि मला जास्त आवडणारी गोष्ट आहे कॅलिफोर्नियातल्या कोरड्या तळ्यांची. १९३० च्या दशकात लॉस एंजेलिसची तरुण पोरं जुन्या फोर्ड गाड्या घेऊन म्युरॉक नावाच्या सुकलेल्या तळ्यावर जायची. मैलोन्‌मैल सपाट, कडक माती, माणूस नाही की झाड नाही. रोजच्या वापराचीच गाडी. तळ्यावर पोचलं की चिखलपंखे उतरवायचे, समोरची काच काढायची, आणि धुराच्या नळीच्या टोकावरचं झाकण उघडायचं. तशा झाकणाच्या नळ्यांना पुढं 'लेक पाइप' असंच नाव पडलं, लेक म्हणजे तळं. मग धडाडधूम पळायचं, वेळ मोजायची, आणि संध्याकाळी झाकण परत लावून, पंखे चढवून, गपगुमान घरी. या पोरांच्या मंडळांनी १९३७ मध्ये एकत्र येऊन संघटना काढली. म्युरॉकची जागा नंतर लष्करानं घेतली, आज तिथं एडवर्ड्स हवाई तळ आहे. पण शेजारच्या एल मिराज तळ्यावर या संघटनेच्या शर्यती आजही होतात. ते झाकण लक्षात ठेवा. मला त्याच्याकडे परत यायचंय.

आणि दादासाठी खास राखून ठेवलेली गोष्ट आता. इंग्लंडमध्ये वेब्रिज गावाजवळ ब्रुकलँड्स नावाचा शर्यतीचा रस्ता होता. मोटारींच्या शर्यतीसाठी मुद्दाम बांधलेल्या जगातल्या अगदी पहिल्या रस्त्यांपैकी एक. काँक्रीटचा, वळणांवर भिंतीसारखा उभा चढत गेलेला, एक फेरा साधारण साडेचार किलोमीटरचा. १९०७ मध्ये तो सुरू झाला आणि त्याच वर्षी एस. एफ. एज नावाच्या गृहस्थानं तिथं चोवीस तास सलग मोटार पळवली. रात्री रस्त्यावर लाल कंदील लावले होते म्हणे. बाकी सगळ्यांचं कौतुक झालं, पण आसपासच्या घरांतल्या लोकांची रात्रभर झोप गेली. त्यांनी आरडाओरडा केला आणि तिथलं रात्रीचं गाडी पळवणं बंद झालं. पुढं १९२९ मध्ये तिथं चोवीस तासांची शर्यत घ्यायची ठरली, तर काय करावं लागलं माहितीये? दिवसा बारा तास पळायचं, रात्री गाड्यांना कुलूप लावायचं, दुसऱ्या दिवशी पुन्हा बारा तास! शर्यतीचं नावच 'डबल ट्वेल्व्ह'.

शेजारी एवढ्यावर थांबले नाहीत. प्रकरण कोर्टापर्यंत गेलं आणि १९२५ च्या सुमारास ब्रुकलँड्सवर प्रत्येक गाडीला सायलेन्सर सक्तीचा झाला. रेसच्या गाडीला, रेसच्या रस्त्यावर! मोठ्या डब्यासारखे ते सायलेन्सर 'ब्रुकलँड्स कॅन' म्हणून प्रसिद्ध झाले. मग गाड्या मंदावल्या का? ७ ऑक्टोबर १९३५ रोजी जॉन कॉब यांनी नेपियर-रेल्टन या गाडीतून तिथला एक फेरा ताशी १४३.४४ मैलांनी मारला, म्हणजे जवळजवळ २३१ किलोमीटर. त्या गाडीत विमानाचं, सुमारे चोवीस लिटरचं इंजिन होतं. १९३९ मध्ये शर्यती बंद होईपर्यंत तो विक्रम कुणी मोडला नाही. दादाला विचार, तुझ्या गाडीचं इंजिन केवढं रे?

आता थोडं कानाबद्दल, कारण माझ्या भावाची गोष्ट अजून संपलेली नाही.

आपल्या कानाच्या आत गोगलगाईच्या शंखासारखा एक भाग असतो. त्यात केसासारखे तुरे असलेल्या पेशी असतात, एका कानात साधारण पंधरा-सोळा हजार. आवाजानं त्या डोलतात आणि मेंदूला निरोप जातो. फार मोठ्या आवाजानं त्या वाकतात, मोडतात. मोडलेलं नख परत येतं, पडलेला दुधाचा दात परत येतो, माणसाच्या कानातली ही पेशी परत येत नाही. कामगारांसाठी तज्ज्ञांनी घातलेली एक मर्यादा अशी : ८५ डेसिबलच्या आवाजात दिवसाला आठ तास. दर तीन डेसिबल वाढले की वेळ निम्मी. ८८ ला चार तास, ९१ ला दोन. १०० डेसिबलला किती? वहीत करून बघा. पंधरा मिनिटं यायला हवीत.

भावानं तो हेडर पुढं कितीतरी वर्षं उघडाच वापरला. 'रॅलीची गाडी आहे' म्हणायचा. आज तो साठीच्या अलीकडे आहे. कुकरची शिट्टी, ट्रकचा हॉर्न त्याला ऐकू येतो. पण बारीक, उंच आवाज गेले. 'स', 'श', 'फ' ही अक्षरं त्याच्यापर्यंत पोचत नाहीत. 'सात वाजले' म्हटलं की तो आपला हात बघतो! घरात सगळे हसतात, तोही हसतो. गेल्या दिवाळीत त्याची चार वर्षांची नात त्याच्या कानात काहीतरी गुपित सांगत होती. तो मान डोलवत होता, 'हो हो' म्हणत होता. मी समोरच बसलो होतो. त्याला एक अक्षर कळलं नव्हतं.

आणि आई-बाबांसाठी दोन ओळी. उघड्या हेडरचा धूर गाडीच्या पोटाखालीच सुटतो आणि फटीतून आत येतो. त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो, ज्याला ना रंग, ना वास. त्या सकाळी माझं डोकं दुखलं ते नुसत्या आवाजानं असेल असं आज वाटत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२० वा नियम सायलेन्सरबद्दलच आहे, तो रस्त्यावरच्या गाडीला असायलाच हवा. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे राहत्या वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबलची मर्यादा आहे. जप्त केलेल्या सायलेन्सरांवर पोलीस रोडरोलर फिरवतात, ते फोटो तुम्ही वर्तमानपत्रात पाहिले असतीलच. एप्रिल २०२० नंतरच्या नव्या गाड्यांत विषारी वायू कमी करणारा कन्व्हर्टरही धुराच्या नळीतच असतो. हौसेनं अख्खी नळी बदलली की बऱ्याचदा तोही जातो.

तर सातारकर मित्रा, दादाला हे पान दे. पण रात्री अकराला देऊ नकोस, तेव्हा तुम्ही दोघंही तापलेले असाल. रविवारी सकाळी तो गाडी पुसत बसला असेल तेव्हा दे. त्याला आधी सांग की उघड्या नळीबद्दल तो बोलला त्यात तथ्य आहे. मग त्या तळ्यावरच्या पोरांच्या झाकणाची गोष्ट सांग. माझा अंदाज असा, की काढलेली पुंगळी त्यानं फेकलेली नसणार. गाडीचं वेड असलेला माणूस काही फेकत नाही. माळ्यावर नाहीतर टूलकिटच्या पिशवीत ती नक्की असेल. परत बसवायला फार तर पंधरा मिनिटं, आणि पाना धरायला तू आहेसच.

तो काय म्हणाला ते मला कळव. आणि आजीला माझा नमस्कार सांग.

तुमचा,
मामा